सिंहगड पन्नास मिनिटांत चढता, पण लेहला दोन दिवस बसून राहाल?

‘ताई, नमस्कार. आम्ही बिबवेवाडीला राहतो. मी ४६ वर्षांची, मिस्टर ५१, मुलगी १९. गेली तीन वर्षं दर रविवारी सिंहगड करतो. पायथ्याच्या आतकरवाडीतून मी पन्नास मिनिटांत वर असते, मिस्टरांना थोडा जास्त वेळ लागतो. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, बीपी आटोक्यात असतं. यंदा गणपती झाले की सप्टेंबरअखेर दहा दिवस लडाखला जायचं ठरवलंय. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिसऱ्या दिवशी पँगाँग तलावाकाठी मुक्काम, चौथ्या दिवशी लेहला परत. पाचव्या ते आठव्या दिवशी मार्खा दरीचा ट्रेक, शेवटी कोंगमारू ला खिंड. नववा दिवस खरेदी, दहाव्याला परतीचं विमान. आमची तयारी पुरेशी आहे का? सिंहगडाच्या जोडीला आणखी काय करू? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यावी का? कोणी कापूर हुंगायला सांगतं, कोणी ऑक्सिजनचे छोटे डबे न्या म्हणतं. मिस्टरांना रजा मोठ्या मुश्किलीने मिळाली आहे, त्यामुळे एकही दिवस वाया घालवायचा नाही.’
– एक वाचक, बिबवेवाडी

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुमचे पाय तयार आहेत, दम चांगला आहे, तीन वर्षांची सवय आहे. दर रविवारी पहाटे उठून आतकरवाडी गाठणारं कुटुंब मला मनापासून आवडतं. पण ‘एकही दिवस वाया घालवायचा नाही’ या वाक्यानेच लडाखमध्ये घात होतो. तिथे जे दिवस तुम्हाला वाया गेल्यासारखे वाटतील, त्यांच्या जोरावरच पुढची खिंड पार होणार आहे.

आधी आकडे बघू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या थोडा वर. आतकरवाडीतून तुम्ही दर रविवारी सहाशे मीटरच्या आसपास चढता. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेहचा विमानतळच त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे आणि गाव ३,५०० मीटरवर. दिल्लीहून निघालेलं विमान दीड तासाच्या आत तुम्हाला तिथे उतरवतं. एकावर एक पाच सिंहगड रचले तरी थोडे कमी पडतील, एवढी उंची तुम्ही खुर्चीत बसून, चहा पीत गाठलेली असते. पायांना त्याचा पत्ता नसतो, रक्ताला मात्र असतो.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि कोंगमारू ला खिंडीत, ५,१०० मीटरच्या वर, निम्म्याच्या जवळ आलेला असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात छातीत येणारा ऑक्सिजन तेवढा कमी. शरीर लगेच जोरजोरात श्वास घ्यायला लागतं. पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलीकडे झुकतं, आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल करायचं काम मूत्रपिंडांचं. ती रक्तातलं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून वर गेल्यावर सारखं बाथरूमला जावं लागतं. घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. पण या कामाला दिवस लागतात. तुम्ही कितीही तंदुरुस्त असा, मूत्रपिंडांना घाई करता येत नाही. रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबल्यासारखा होऊन पुन्हा धडधडत सुरू होतो, तोही याच ओढाताणीचा भाग. पहिल्यांदा असा अनुभव आला की माणूस दचकून उठतो. मुलीला आधीच सांगून ठेवा.

म्हणून सिंहगडाचा उपयोग कशाला होईल आणि कशाला नाही, हे वेगळं करून बघायला हवं. चढाने थकवा येऊ नये, उतारावर गुडघे टिकावेत, सॅकचं ओझं वाटू नये, यासाठी त्याचा पुरेपूर उपयोग आहे. उंचीचा त्रास होऊ नये यासाठी मात्र काहीच नाही. उलट मी पाहिलेल्या गटांमध्ये सगळ्यांत धडधाकट माणूसच पहिला आडवा झालेला आहे, कारण पायांत ताकद असल्याने तो भराभर वर जातो आणि थांबायला सांगितलं तर ऐकत नाही. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजंगा सर केलं. अशा मोहिमांचे कितीतरी आठवडे थोडं वर जाऊन पुन्हा खाली झोपायला येण्यात आणि बेस कॅम्पवर वाट बघण्यात जातात. तयारीच्या माणसांनाही जे चुकत नाही, ते आपल्याला कसं चुकेल?

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे तिथेच काढायची. दिवसा त्याहून वर जाऊन आलात तर चालतं, चांगलंच असतं. हिशोब धरायचा तो रात्रीच्या मुक्कामाचा.

आता तुमचं वेळापत्रक या नियमाला लावून बघा. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला खिंड. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,६०० फूट. आदल्या दिवशी पुण्यात असलेला माणूस तिथे गाडीतून उतरून फोटो काढत धावतो, तेव्हा मला धडकी भरते. तरी खिंड ओलांडून नुब्रात उतरलात की झोप ३,१०० मीटरच्या आसपास, ती ठीक. खरा धोका तिसऱ्या रात्रीचा आहे. पँगाँग ४,२५० मीटरवर आहे. एका रात्रीत हजारावर मीटरची उडी, शरीर अजून गोंधळलेलं, आणि लेहचं मोठं हॉस्पिटल खिंडीपलीकडे कित्येक तासांवर. लडाखच्या सहलींमध्ये हाच कार्यक्रम सर्रास विकला जातो, म्हणून तो बरोबर ठरत नाही.

शिवाय मार्खाचा ट्रेक तुम्ही चार दिवसांत बसवला आहे. चिलिंगजवळून नदी ओलांडून स्किऊ, मग मार्खा गाव, हांकर, तिथून निमालिंगचं पठार आणि शेवटी खिंड. हांकर ४,००० मीटरच्या आसपास आणि निमालिंग जवळजवळ ४,८००. या दोहोंत घाई केली की निमालिंगची रात्र बाधते. आणि निमालिंगची जागा अवघड आहे. तिथे कोणाला त्रास झाला, तर खाली जाण्यासाठी एक तर आल्या वाटेने दरीत मागे बराच वेळ चालावं लागतं, नाही तर आजारी माणसाला घेऊन आणखी वर चढून खिंड ओलांडावी लागते. रात्रीच्या अंधारात, उणे तापमानात, यातलं काहीही सोपं नाही. सप्टेंबरअखेर तिथे पाण्याच्या बाटलीत बर्फ होतो.

माझं मत स्पष्ट सांगते. पँगाँग आणि मार्खा यातलं एकच निवडा. पत्रावरून तुमचा जीव ट्रेकमध्ये आहे असं वाटतं, तेव्हा पँगाँग पुढच्या वेळेला ठेवा. तो तलाव कुठे जात नाही.

लेहला उतरलात की त्याच दिवशी गाडी करून सिंधूच्या काठाने खाली आळचीला जा. लेहपासून सत्तरएक किलोमीटर, उंची ३,१०० मीटरच्या आसपास. लेहपेक्षा चारशे मीटर खाली झोपायला मिळतं, आणि पहिल्या दोन रात्रींना हा फरक खूप मोठा आहे. तिथे जर्दाळूची झाडं आहेत, नदी आहे, आणि जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं असलेलं मठाचं देऊळ आहे. दोन रात्री तिथे काढा. पहिल्या दिवशी जेवा, झोपा, अंगणात बसा. अंघोळीचीसुद्धा घाई नको. दुसऱ्या दिवशी गावातून सावकाश फिरा. मग लेहला येऊन दोन रात्री. तिथे शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढून बघा, पाचशेच्या वर आहेत. पर्वतीच्या पायऱ्या तुम्ही ज्या वेगाने चढता, त्याच्या निम्म्याने. लेहमधली दुसरी सकाळ प्रसन्न गेली, रात्री भूक लागली, डोकं दुखलं नाही, तर पाचव्या दिवशी ट्रेकला निघा. स्किऊ, मार्खा, हांकर, हांकरला आणखी एक रात्र (पुढची उडी आठशे मीटरची, नियमापेक्षा मोठी आहे म्हणून), निमालिंग, मग खिंड ओलांडून शांग सुमदोला उतरून लेह. ही झाली दहावी रात्र. एक दिवस हवामानासाठी राखीव, मग विमान. बारा दिवस होतात.

म्हणजे दोन दिवस रजा कमी पडते. मिस्टरांनी ती मागून बघावी. नाहीच मिळाली, तर मार्खाऐवजी ‘शाम’ नावाच्या भागातला ट्रेक करा, लिकिरपासून यांगथांग, हेमिस शुकपाचन करत तेमिसगामपर्यंत. तीन दिवस, सगळ्या खिंडी चार हजार मीटरच्या आत, मुक्काम गावातल्या घरांमध्ये, आणि जवळ गाडीचा रस्ता. ट्रेकवाले त्याला ‘बेबी ट्रेक’ म्हणतात, त्या नावाकडे लक्ष देऊ नका. सप्टेंबरात खळ्यावर जवाची मळणी चालू असते, घराघरांतून चहाला बोलावतात. माझी स्वतःची लडाखची सगळ्यांत आनंदाची आठवण त्याच वाटेवरची आहे. दहा दिवसांत मार्खा कोंबू मात्र नका.

आता मला जे सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे, ते. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही आठजणी हिमाचलात एका खिंडीच्या ट्रेकला गेलो होतो. माझी एक मैत्रीण तिसऱ्या दिवसापासून गप्प झाली. रात्री तिने खिचडी तशीच ठेवली. मी विचारलं, तर म्हणाली, ‘काही नाही गं, दमलेय.’ मी मान डोलावली. नेणाऱ्या संस्थेच्या माणसानेही पुढे काही विचारलं नाही. सकाळी ती तंबूबाहेर बुटाच्या नाड्या बांधत बसली होती. दहा मिनिटं झाली तरी बांधून होईनात. उभी राहिली तर दारू प्यायल्यासारखी झोकांडी गेली. मेंदूला सूज यायला लागली होती. दोघांनी तिला आधार देऊन, जवळजवळ उचलून, दुपारपर्यंत नऊशे मीटर खाली उतरवलं. खालच्या गावात पोहोचेपर्यंत ती नीट बोलायला लागली, दुसऱ्या दिवशी स्वतः चालली. नंतर म्हणाली, ‘दोन दिवस डोकं ठणकत होतं. पण तुम्ही सगळ्यांनी रजा काढलेली, माझ्यामुळे सगळ्यांचा हिरमोड कशाला?’ तिने न खाल्लेली खिचडी मी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हाच मी बसून विचारायला हवं होतं. ते मला अजून टोचतं.

आपल्या घरांमध्ये बायका दुखणं लपवतात आणि पुरुष ते कबूल करत नाहीत. पुण्यात एकवेळ हे निभावतं, ४,८०० मीटरवर निभावत नाही. म्हणून तुम्ही तिघांनी निघण्यापूर्वीच ठरवून टाका. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी प्रत्येकाने चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. डोकं दुखतंय का? भूक आहे का? मळमळतंय किंवा गरगरतंय का? काल रात्रीपेक्षा आज बरं आहे की वाईट? ‘ठीक आहे’ हे उत्तर चालणार नाही, नीट सांगायचं. आणि मग तिघांनीही टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवायची. एरवी सहज जमणारं हे चालणं जमलं नाही, तोल गेला, बोलण्यात गोंधळ झाला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी खाली.

उंचीचा साधा त्रास बऱ्याच जणांना थोडाफार होतो. २,५०० मीटरच्या वर पोहोचल्यावर काही तासांत डोकं दुखतं, जेवण नको वाटतं, मळमळतं, अंग गळून जातं. तेव्हा आहे तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती, आणि एक-दोन दिवसांत बरं वाटतं. बरं वाटलं की मगच पुढे. थांबूनही वाढत गेलं तर खाली उतरायचं, पाचशे-हजार मीटर उतरलं तरी जादू झाल्यासारखा फरक पडतो. दुसरं भयंकर दुखणं फुप्फुसात पाणी होण्याचं. ते बहुधा वर गेल्यावर दुसऱ्या रात्रीनंतर दिसतं. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, आडवं झालं की जास्त वाटतं, पुढे थुंकीत गुलाबी फेस. चालताना दम लागणं वेगळं. विश्रांती घेऊनही श्वास शांत होत नसेल तर ते दमणं नव्हे. अशा माणसाला चालवून दमवायचंही नसतं, शक्यतो घोड्यावर किंवा आधाराने उतरवायचं, ऑक्सिजन असेल तर लावायचा, आणि थेट हॉस्पिटल. लेहला सोनम नोर्बू मेमोरियल हे सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे हे आजार रोजच्या बघण्यातले आहेत.

डायमॉक्सबद्दल. औषधाचं नाव ॲसिटाझोलामाइड. ते मूत्रपिंडांचं जे काम मघाशी सांगितलं, तेच लवकर करून घेतं. त्रास झाकून ठेवतं असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. प्रतिबंधासाठी घ्यायचं तर साधारण वर जायच्या आदल्या दिवसापासून घेतात, आणि तुम्ही विमानाने एकदम ३,५०० मीटरला जाणार, त्यामुळे विचार करण्यासारखं आहे. पण डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी कोणाला असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा बेचव लागतो, हे त्याचे नेहमीचे परिणाम. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी पुण्यातच डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद-दुसरा डोस घेऊन बघा, म्हणजे लेहला मुंग्या आल्यावर घाबरायला होणार नाही. आणि गोळी चालू आहे म्हणून वेळापत्रक घट्ट करायचं, असा व्यवहार करू नका.

मिस्टरांचं बीपी आटोक्यात असेल तर जायला हरकत नसते, पण या वेळी डॉक्टरांना ‘फिरायला चाललोय’ एवढंच सांगू नका. कोणत्या उंचीवर किती दिवस, हे कागदावर लिहून न्या. उंचीवर बीपी थोडं चढतं. त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर डायमॉक्सबरोबर त्याचा मेळ बघावा लागतो. काही गोळ्या नाडीचा वेग धरून ठेवतात, चढावर त्याचा परिणाम जाणवतो. एक्कावन्नाव्या वर्षी स्ट्रेस टेस्ट करून घेतलेली बरी. गोळी तिथे स्वतःच्या मनाने बंद करायची नाही आणि दुप्पटही करायची नाही. तुम्ही दोघी हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी असेल तर तीन महिने हातात आहेत, भरून काढता येईल. आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या प्रवासासाठी सहज घेतल्या जातात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्ताची गुठळी होण्याचा प्रश्न काहींच्या बाबतीत असतो. पॅड न्या, वापरलेले परत आणायला जाड पिशवी न्या, आणि मुलीशी हे मोकळेपणाने बोला.

कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. हुंगायचा तर हुंगा, पण त्यावर विसंबून वर चढू नका आणि पोटात तर मुळीच घेऊ नका. ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. त्या पैशांत ट्रेकवाल्यांकडे मोठा सिलिंडर बरोबर असेल याची खात्री करून घ्या, तीही लेखी. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण लेहला पहिल्या दिवशी आकडा नव्वदीच्या खाली गेला म्हणून हादरू नका. गार बोटांवर तो चुकतोही. आकडा चांगला आहे पण डोकं फुटतंय, तर विश्वास डोक्यावर ठेवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले काही दिवस पूर्ण बंद, दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो.

तयारीचं म्हणाल, तर अजून तीन महिने आहेत. रविवारचा सिंहगड चालू ठेवा, पण घड्याळ घरी ठेवा. पन्नास मिनिटांचा विक्रम तिथे उपयोगाचा नाही. हिमालयात चालायची चाल वेगळी, आणि ती शिकायला आपल्याकडे वारकऱ्यांसारखे दुसरे गुरू नाहीत. पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाटात जाऊन बघा. डोक्यावर तुळस किंवा गाठोडं घेतलेल्या साठीच्या बायका अभंग म्हणत घाट चढतात, थांबत नाहीत, धापही टाकत नाहीत. तीच चाल तुम्हाला हवी. सिंहगड चढताना अभंग म्हणता आला, निदान बोलता आलं, तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की पाऊल आखूड करा.

दुसरं म्हणजे लागोपाठचे दिवस. आठवड्यातून एक चढ वेगळा आणि सलग सहा दिवस चालणं वेगळं. जुलैपासून शनिवारी तळजाई किंवा वेताळ टेकडीवर तीन-चार तास आणि रविवारी सिंहगड, अशी जोडी लावा. शनिवारच्या दुखऱ्या पायांनी रविवारी चालणं हीच खरी तालीम. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून आधी चार किलो, ऑगस्टपर्यंत सात. मधल्या दोन दिवशी सोसायटीच्या जिन्यावर अर्धा तास, लिफ्टला सुट्टी. आणि उताराकडे लक्ष द्या. बरेच पुणेकर सिंहगड पायी चढतात, पिठलं-भाकरी खातात आणि गाडीने खाली येतात. कोंगमारू ला खिंडीतून मात्र लांबलचक उतार आहे, तिथे वर गाडी येत नाही. मांड्यांचे स्नायू उतारानेच तयार होतात, म्हणून चालतच उतरा. पावसाळ्यात आतकरवाडीची वाट निसरडी असते, रविवारी तर गर्दीने चिखल होतो, तेव्हा काठी घ्या आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालायची सवय आत्ताच करा. ऑगस्टअखेर, गणपती बसायच्या आधी, जाणत्या लोकांबरोबर कात्रज ते सिंहगड करून बघा. एका टेकडीवरून उतरून पुन्हा दुसरी चढायची, असं रात्रभर. तिथे तुम्हाला तिघांचा स्वभाव कळेल, कोण भुकेने चिडतं, कोण गप्प होतं. हे कळणं मला पायांच्या ताकदीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

गणपतीतली एक विनंती. विसर्जनाची रात्र जागून, गर्दीत घसा बसवून, खोकला घेऊन विमानात बसू नका. छातीत कफ असताना वर गेलं की फुप्फुसांचा धोका वाढतो. निघायच्या आठवड्यात कोणाला ताप-खोकला झाला, तर ट्रेक सोडून नुसतं लेह-आळची करायची मनाची तयारी ठेवा.

सामानाचं थोडक्यात. बूट आत्ता घ्या आणि तीन महिने त्यांच्यातच चाला. माळ्यावरचे जुने बूट असतील तर तळ हाताने ओढून बघा, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटांचे सोल वाटेत निखळतात. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, घामाने ओल्या होतात आणि वाळत नाहीत. जाड एका जॅकेटपेक्षा पातळ तीन थर बरे. काळा चष्मा पक्का हवा, वरचं ऊन डोळे भाजतं. फोन आणि बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, थंडीत चार्ज उतरतो. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, तिघांपैकी निदान एकाचं पोस्टपेड हवं. प्रवासाचा विमा काढताना उंचीची अट वाचा, बऱ्याच पॉलिसी ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक धरत नाहीत.

खाण्यात मेतकूट न्याच. वर भूक मरते, तेलकट-मसालेदार नकोसं होतं, पण गरम मऊ भात, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं घशाखाली उतरतं. माझ्या सॅकमध्ये ती डबी कायम असते. चिक्की, खजूर खिशात. पाणी तीन लिटरच्या आसपास, लघवी फिकट राहील इतकं. उगाच पाच-सहा लिटर ढोसून उंचीचा त्रास टळत नाही.

मिस्टरांनी रजेचा अर्ज केला की नवं वेळापत्रक मला पाठवा. आणि संध्याकाळचे चार प्रश्न विचारायचं काम मुलीकडे द्या. आईवडील एकमेकांना ‘ठीक आहे’ म्हणून फसवतात, एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर त्यांना ते जमत नाही. तिला माझ्या मैत्रिणीच्या खिचडीची गोष्ट सांगा, आणि कोणाच्या ताटात काही उरलं तर विचारायचा हक्क तिला आहे, हेही सांगा.